भौतिकशास्त्र शिकून पुढे काय?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाल बाजार नावाची घाऊक पेठ आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला, तळाचे शहर झाले आणि शहराला लष्कर हेच नाव राहिले. शिंदेशाहीबरोबर आलेल्या मराठी माणसांची घरे आजही तेथे आहेत. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी त्यांची रीत. मागे एका सभेनिमित्त आम्ही ग्वाल्हेरला गेलो होतो, तेव्हा अशाच एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात चार दिवस राहिलो. आमचे हे स्नेही दाल बाजारातील एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. सकाळी पोती उतरतात, तूर, मूग, हरभरा काट्यावर चढतो, हमालांची हाकाटी चालते, आणि या सर्व गलबल्यात आमचे स्नेही एका कोपऱ्यात बसून आकड्यांशी आकडे जुळवीत असतात.

तिसऱ्या रात्री कौटुंबिक उपासना आटोपल्यावर ते म्हणाले, "भाऊ, एक विचारायचं होतं. पोरगी बी.एस्सी. झाली. आता म्हणते, जिवाजी विद्यापीठात फिजिक्स घेऊन एम.एस्सी. करायचं. मी म्हणतो, बी.एड. करून मोकळी हो. फिजिक्स शिकून पुढे काय?"

वहिनी आतून म्हणाल्या, "आणि फार शिकलेली पोरं देवाला विसरतात, तेही सांगा त्यांना."

मुलगी सतरंजीची घडी घालीत होती. ती काही बोलली नाही. पण घडी घालायला तिने नको इतका वेळ लावला.

उपदेशकाजवळ अशा वेळी उत्तर तयार असते. आमच्याजवळही होते. परंतु एक जुनी गोष्ट आठवली आणि आम्ही गप्प राहिलो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या संडे स्कूलमधील एका मुलाने हाच प्रश्न आम्हांस केला होता. त्याला भौतिकशास्त्र घ्यायचे होते. आम्ही त्याला, काही उपयोगाचे शीक, असा सल्ला दिला आणि सोबत दोन शास्त्रवचनेही जोडली. मुलगा आज्ञाधारक होता. आज त्याला चांगली नोकरी आहे. एका नाताळात तो भेटला, तेव्हा हसतच म्हणाला, "काका, तुम्ही मला उत्तर दिलंत; पण माझा प्रश्न काय होता, हे तुम्ही विचारलंच नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. आम्ही दिलेला सल्ला शहाणपणाचा नव्हता, भीतीचा होता. त्याला वचनांचे कपडे घातले होते, इतकेच.

म्हणून या वेळी आम्ही ठरविले की आधी प्रश्न नीट पाहायचा. स्नेह्यांचा प्रश्न पोटाचा आहे, वहिनींचा विश्वासाचा. दोन्ही खरे आहेत, आणि आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घरांत ते विचारले जातात.

पोटाचा प्रश्न प्रथम घेऊ, कारण ज्याच्या घरी महिनाअखेरीस ओढाताण नसते त्यानेच त्याला हलका म्हणावे. भौतिकशास्त्राच्या वाटा नाहीत असे नाही. एम.एस्सी. नंतर पात्रता परीक्षा देऊन महाविद्यालयात शिकविता येते, बी.एड. ची जोड देऊन उच्च माध्यमिक शाळेत शिकविता येते. १८७५ साली स्थापन झालेल्या आपल्या हवामान खात्याला भौतिकशास्त्राची माणसे लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून तरुण शास्त्रज्ञ घडवीत आली आहे. आणखी एक वाट पालकांना सहसा ठाऊक नसते. एम.एस्सी. झाल्यावर त्याच केंद्रात रेडिऑलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका घेऊन कर्करोगाच्या रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होता येते. किरणांची मात्रा डॉक्टर ठरवितात. पण ती गाठीवर नेमकी पडावी आणि शेजारचे निरोगी अवयव वाचावेत, याचा हिशेब हा तज्ज्ञ करतो. यंत्र जितके दाखविते तितकेच किरण देते की नाही, हेही तोच तपासतो. पुष्कळ विद्यार्थी शेवटी बँकेत किंवा संगणकाच्या कामात जातात, तेही खरे. प्रत्येक वाटेवर जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. हे सर्व पालकांनी माहीत करून घ्यावे आणि मुलांना गोड न करता सांगावे.

तथापि, निघताना ठरविलेल्या गावीच माणूस पोहोचतो असे नाही. याचे उदाहरण ग्वाल्हेरातच आहे. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म १९३० साली उज्जैनला झाला. त्यांचे वडील ग्वाल्हेरच्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि श्रीराम तेथेच वाढले. पुढे ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले, ते भौतिकशास्त्राच्या वाटेने. मुंबईत असताना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताची व्याख्याने ऐकण्याचा योग आला आणि मन गणिताकडे वळले. १९५१ मध्ये ते हार्वर्डला गेले, १९५५ मध्ये डॉक्टर झाले, बैजिक भूमितीत जगभर नावाजले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवीत राहिले आणि १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. "फिजिक्स शिकून पुढे काय?" असे १९४७ च्या सुमारास कोणी विचारले असते, तर यातील काय सांगता आले असते? अब्राहामालाही निघताना मुक्कामाचे गाव सांगितलेले नव्हते. प्रत्येक विद्यार्थी अभ्यंकर होत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आमचे म्हणणे इतकेच की, "पुढे काय?" याचे पुरते उत्तर मागितले तर कोणालाच घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आम्ही मुलीला विचारले, "बेटा, तुला यात काय आवडतं, ते सांग." ती आत गेली आणि बी.एस्सी. च्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकाची वही घेऊन आली.

वहीत लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळी टांगायची, हेलकावे द्यायचे, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि दोऱ्याची लांबी व हा वेळ यांवरून पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण काढायचे. पुस्तकात उत्तर ९.८ आहे, सर्वांना पाठ असते. तिचे उत्तर आले १०.९. तिने पुन्हा केले, पुन्हा तेच. शेजारच्या मुलांनी सांगितले, खोडून ९.८ लिही, कोण बघतो? तिने खोडले नाही. आले ते लिहिले आणि खाली लिहिले, "चूक सापडत नाही." शिक्षकांनी वही पाहिली आणि म्हणाले, माझ्यासमोर मोजून दाखव. तिने गोळी सोडली, स्टॉपवॉच दाबले आणि म्हणाली, "एक."

चूक तेथेच होती. घड्याळ सुरू होते त्या क्षणी एकही हेलकावा झालेला नसतो. तेथे "शून्य" म्हणायला हवे. ती "एक" म्हणून सुरुवात करी, त्यामुळे "वीस" म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच हेलकावे होत. वेळ एकोणिसांचा आणि भागायचे मात्र विसांनी! हिशेब करून पाहिला तर ९.८ चे १०.९ नेमके याच चुकीने होतात.

"खोडलं असतं तर मार्क मिळाले असते, काका," ती म्हणाली, "पण चूक कधीच सापडली नसती."

आमचे स्नेही इतका वेळ वर्तमानपत्र पाहत होते. त्यांनी ते खाली ठेवले. म्हणाले, "हे आमच्याकडेही असंच असतं. रोजकीर्द आणि रोकड जुळली नाही, तर नवा माणूस दहा-वीस रुपये इकडेतिकडे दाखवून जुळवतो. जुना माणूस रात्री दहापर्यंत बसतो, पण शोधतो. आता हिशेब संगणकावर करतात. तरी नियम तोच." मग मुलीकडे वळून त्यांनी विचारले, "हे तुम्हांला कॉलेजात शिकवतात?"

त्या प्रश्नात आम्हांला बापाचे मन वळताना दिसले. आपली मुलगी काही परके, वरचे, न कळणारे शिकते असे त्यांना वाटत होते. ती तर त्यांचाच धंदा शिकत होती.

दाल बाजारापासून थोड्या अंतरावर ग्वाल्हेरचा किल्ला आहे. किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे आणि तेथील इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० व ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. देवळाला दिलेल्या बागेची लांबी आणि रोज द्यायच्या फुलमाळांची संख्या, असा तो साधा हिशेब. शून्याच्या जुन्या कोरीव नोंदींमध्ये हा लेख जगभर प्रसिद्ध आहे. ज्या गावी अकराशे वर्षांपूर्वी दगडात शून्य कोरले, त्याच गावच्या मुलीने शून्य विसरले आणि प्रामाणिकपणामुळे ते तिला परत सापडले!

आता आमचे म्हणणे सांगतो. भौतिकशास्त्राचा अभ्यास नोकरीकडे नेईल किंवा नेणार नाही. पण तो नीट केला तर आधी एका ठिकाणी नेतोच, आणि ते ठिकाण म्हणजे खरा तराजू. स्वतःला हवे असलेले उत्तर येत नसतानाही आलेले उत्तर लिहायचे, त्यापुढे आपल्या मापात किती अधिक-उणे असू शकेल तेही लिहायचे, आणि दुसऱ्याने येऊन तपासावे म्हणून वही उघडी ठेवायची, ही ती शिस्त आहे. काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याविषयी परमेश्वराला काय वाटते, हे नीतिसूत्रांच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलेले आहे. प्रयोगशाळेत काटा मारणे त्याहून वेगळे नाही.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सुरू होते. आम्ही त्यांना नावे सांगू शकलो असतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा विद्युत आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात गोवणारा थोर शास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या मंडळीत वडील होता. त्याच्या हाताखाली केंब्रिजला उभी राहिलेली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये सुरू झाली. तिच्या दारावर स्तोत्र १११ चे दुसरे वचन लॅटिनमध्ये कोरलेले आहे. आपण ते घरी काढून वाचावे. जॉन पोकिंगहॉर्न केंब्रिजला गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७९ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि १९८२ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतली. भौतिकशास्त्राची एक वाट वेदीपर्यंतही गेली आहे!

परंतु नावांची यादी हा पुरावा नव्हे. तितकीच थोर माणसे विश्वास न ठेवणारी होती व आहेत, आणि आपल्याला सोयीची तेवढी नावे मोजणे हाही काटा मारण्याचाच प्रकार आहे. या बाबतीत जॉर्ज लमेत्र यांचे वागणे आम्हांला मोठे वाटते. हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले. १९५१ मध्ये पोपनी आपल्या भाषणात अशा संशोधनाचा आधार विश्वाच्या निर्मितीसाठी घेतला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. देवावर त्यांचा विश्वास होता; म्हणूनच देवाच्या बाजूने तराजूला बोट लावण्याची त्यांना गरज वाटली नाही.

वहिनींना आम्ही इतकेच म्हटले, "वहिनी, मुलीचा विश्वास जाईल का, हे मी सांगू शकत नाही. जाऊही शकतो. पण तो पुस्तकं न उघडल्यामुळे राहिला, तर त्याला काय म्हणावं?" मोहरांच्या दृष्टांतात एका दासाने आपली मोहर रुमालात बांधून ठेवली होती. ती हरवली नाही, झिजली नाही, धनी परत आला तेव्हा जशीच्या तशी होती. तरी धनी संतुष्ट झाला नाही.

आणि हा तराजू आपण आपल्या मंडळीतही आणावा. मागच्या सभेला किती माणसे होती, असे विचारले की आपल्या तोंडून साठांची शंभर होतात. कोणी आजारातून उठला की साक्षीत औषधाचे नाव गळते. आपण हे देवाच्या गौरवासाठी करतो असे म्हणतो. पण देवाच्या गौरवाला आपल्या वाढीव आकड्यांची गरज आहे काय? वहीतले १०.९ न खोडणारी मुलगी संडे स्कूलमध्ये शिकवू लागली तर आपल्या काही साक्षी जरा लहान होतील, पण अधिक खऱ्या होतील.

मात्र येथे थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. वस्तू तोलण्यात जो खरा, तो माणसे तोलण्यातही खरा असेलच असे नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचा जन्म इंदूरचा. १९३३ मध्ये रसायन व भौतिक हे विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. तेथे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, १९३० च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. प्रकाशकिरणांतील अतिसूक्ष्म फरक अचूक टिपणाऱ्या या माणसाने मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. कमलाबाई १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. प्रकाशाच्या बाबतीत शून्यापासून मोजणारे रामन स्त्रीच्या बाबतीत शून्यापासून मोजीत नव्हते. पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पुरावा समोर आल्यावर त्यांनी आपले उत्तर बदलले. आपण सर्व पालक, पाळक आणि उपदेशक एवढे तरी करतो का?

याहून कठीण गोष्ट जोसेफ रोटब्लाट यांची. हे पोलंडमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील लॉस अलामोस येथे अणुबॉम्बच्या कामात होते. जर्मनीच्या हाती बॉम्ब आधी लागला तर काय, या भीतीने ते आले होते. १९४४ च्या अखेरीस जर्मनी बॉम्ब करीत नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा रोटब्लाट यांनी काम सोडले. इतर राहिले. तेही विद्वान होते, त्यांची गणिते अचूक होती. आणि ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे ती अचूक ठरली. रोटब्लाट पुढे लंडनच्या रुग्णालयात वैद्यकीय भौतिकशास्त्राकडे वळले, अण्वस्त्रांविरुद्ध आयुष्यभर झटले आणि १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॉम्बमध्ये आणि कर्करोगाच्या उपचारात अणूचे नियम एकच असतात. तराजू वजन सांगतो. माल कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे तो सांगत नाही. मेजावरून केव्हा उठायचे, हे कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नसते.

ते शिकविणे आपल्याकडे आहे. संडे स्कूलच्या शिक्षकांना म्हणून आमची विनंती आहे. एखाद्या मुलाने विचारले की तारे किती दूर आहेत, किंवा आदामाच्या आधी काय होते, तर त्याला गप्प करू नका. माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हणा. हे वाक्य ज्या मुलाने आपल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकले, त्याला पुढे विद्यापीठ आणि मंडळी यांपैकी एकच निवडावे लागणार नाही. आणि त्याला हेही शिकवा की, हुशारी ही ठेव आहे, मालकी नव्हे, आणि हिशेब द्यायचा आहे.

आम्ही निघालो त्या दिवशी स्नेह्यांनी मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरला. फीचे पैसे कोठून आणायचे, याचा हिशेब त्यांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर मांडला होता; तो जुळत नव्हता, आणि त्यांनी तो जुळवूनही दाखविला नाही. "दोन हजार कमी पडतात," इतकेच म्हणाले, "शोधू." वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्ही सर्वांनी मिळून प्रार्थना केली. प्रार्थनेत वहिनींनी मुलीच्या विश्वासासाठी मागितले, आणि मुलीने आईच्या काळजीसाठी.

पुढे काय, ते अजून आम्हां कोणालाच ठाऊक नाही. मोजणी शून्यापासून सुरू झाली आहे, एवढे मात्र खरे. ज्याच्या हाती खरा तराजू आहे तो प्रभू या लेकीला, आणि आपल्या मंडळ्यांतून शिकायला निघालेल्या प्रत्येक लेकराला, खरे लिहिण्याचे धैर्य देवो.